वाटाड्याचा रोज



या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले, तेव्हा चिटणिसांनी आमच्यासाठी विषय सुचवला होता 'नवे कामगार कायदे'. आम्ही त्यांना म्हटले, कलमांवर आम्ही बारा महिने कारखान्यांच्या फाटकांपुढे बोलतच असतो. ऐकणाऱ्यांना तिथे उभे राहावे लागते, म्हणून ते ऐकतात. इथे लोक खुर्चीवर बसून, आपखुशीने आलेले असणार. त्यांना आम्ही जंगलातल्या एका पायपिटीची हकीकत सांगू. चिटणीस हसले आणि म्हणाले, "युनियनचा माणूस जंगलात काय करायला गेला होता?" त्यांच्या त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच आजचे हे व्याख्यान आहे असे समजावे.

आमचे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात, फाटक-सभेत आणि क्वचित पोलीस चौकीच्या बाकावर. तेव्हा बोलण्यात पांडित्य सापडणार नाही. हिशेब मात्र सापडेल, कारण हिशेब हाच आमचा धंदा.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. रविवारी डोंगरात जाणे ही चैन आहे, कामगाराने तिच्या नादी लागू नये, असे आमच्यातल्याच काही वडीलधाऱ्यांना वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. मुंबईच्या गिरणीत आठवड्याची सुट्टी आकाशातून पडली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी सभा भरवल्या, अर्ज केले. 1890 सालच्या सभेत दोन गिरणी-कामगार स्त्रियाही बोलल्या. आणि त्याच वर्षी 10 जूनला मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. ज्या सुट्टीसाठी एवढे झगडावे लागले, ती नुसती झोपून घालवणे म्हणजे मिळालेल्या जमिनीवर पीक न घेण्यासारखे आहे.

विलायतेतही हेच घडले. मँचेस्टरचे कामगार आठवडाभर धुरात राबत आणि रविवारी जवळच्या माळावर फिरायला जात. पण तो माळ जमीनदारांनी पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवलेला. 24 एप्रिल 1932 रोजी काही शे तरुण कामगार सरळ किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर चढून गेले. रखवालदारांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे 1949 साली तिथल्या पार्लमेंटने राष्ट्रीय उद्याने आणि मोकळ्या रानात जाण्याची वाट यांसंबंधी कायदा केला, त्यामागे इतर अनेक कारणांबरोबर त्या रविवारचीही पुण्याई होती. तेव्हा डोंगरात जाण्याचा हक्क हा आपल्याच चळवळीचा एक धागा आहे, अशा अभिमानाने आम्ही निघालो. तो अभिमान पुढे कुठे गळून पडला, तेच सांगावयाचे आहे.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या युनियनची बावीस माणसे जमली. त्यांत लेथवर काम करणारे होते, दोन बसवाहक होते, औषधाच्या कारखान्यात पाकिटे भरणाऱ्या चार भगिनी होत्या. सर्वांत वडील एक बासष्ट वर्षांचे गृहस्थ. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा ते विशीतले बदली कामगार होते. त्या संपानंतर ते पुन्हा गिरणीत गेले नाहीत. जन्मभर पडेल ते काम केले. आम्ही सगळे त्यांना 'तात्या' म्हणतो. तात्यांना भीमाशंकराला पायी जायचे होते. त्यांचे वडील कोकणातून घाट चढून गेले होते, म्हणून.

शहरातल्या एका सहली काढणाऱ्या गृहस्थांशी आम्ही बोलणी केली. त्यांचे नाव घेण्याचे कारण नाही. वाईट माणूस नव्हे. त्यांनी माणशी सोळाशे रुपये सांगितले: नेरळ स्टेशनापासून खांडसपर्यंत टेम्पो, घाटात वाटाड्या, वर एका वाडीत रात्रीचा मुक्काम, जेवण, न्याहारी आणि दुसऱ्या दिवशी परत. आता, बोलणी करणे हा आमचा तीस वर्षांचा पेशा. आम्ही त्यांना अर्धा तास बसवून घेतले, संख्येचा दाखला दिला, दुसऱ्या एका संस्थेचा दर सांगितला आणि माणशी चौदाशेवर आणले. बाविसांचे मिळून चार हजार चारशे रुपये वाचले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही त्या घेतल्या. हा आकडा कृपया लक्षात ठेवावा.

शनिवारी पहाटेच्या लोकलने नेरळ, तिथून टेम्पोने खांडस. आठ वाजता पुलाजवळ उतरलो. वाटाड्या आमची वाट पाहत दगडावर बसला होता. पस्तिशीचा, किडकिडीत, पायांत प्लास्टिकचे बूट, खांद्याला पिशवी आणि कमरेला कोयता. हा वरच्या वाडीचा महादेव कोळी. आम्ही विचारले, "किती वेळ झाला येऊन?" तो म्हणाला, "तासभर झाला असेल." पहाटे तीनला घरून निघून, अंधारात सगळा घाट उतरून तो आला होता. ते ऐकून आम्हांस त्याचे कौतुक वाटले. त्या वेळी फक्त कौतुकच वाटले.

खांडसहून भीमाशंकराला दोन वाटा चढतात. एक शिडीघाट. तिला कड्याच्या अंगाला लोखंडी शिड्या आहेत. अंतर थोडे, पण छाती धडधडते. दुसरी गणेशघाट. ती लांबची, पण वयस्कर माणसाला झेपणारी. तात्यांकडे पाहून आम्ही गणेशघाट धरला. वाटेवर गणपतीचे देऊळ लागते, पदरगडाचा कडा सोबत करतो, आणि मधल्या माचीवर पदरवाडीपाशी दोन्ही वाटा एकत्र येतात. तिथून पुढे खरे जंगल सुरू होते.

आम्ही जंगल पाहायला गेलो होतो. पण जंगल दिसले ते वाटाड्याच्या डोळ्यांनी. आम्हांला सगळीच झाडे हिरवी दिसत होती. तो बोटाने दाखवी: हा ऐन, ही अंजनी, हा हिरडा, ही कारवी. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते आणि मग वाळते. तिच्या काठ्यांना शेणमाती लिंपून आमच्या भिंती होतात, असे त्याने सांगितले. एके ठिकाणी त्याने हात वर करून सगळ्यांना थांबवले. उंच फांदीवर काटक्यांचा मोठा भारा अडकल्यासारखा दिसत होता. ते शेकरूचे घरटे. थोड्या वेळाने खुद्द शेकरूच एका झाडावरून दुसऱ्यावर अशी झेपावली, की चार भगिनींनी एकदम 'अगंबाई!' म्हटले. तांबूस पाठ, फिकट पोट, अंगाहून लांब शेपूट. ही मोठी खार म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. हे तिचे घर म्हणूनच 1985 साली भीमाशंकरचे अभयारण्य झाले. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. फांदीवरूनच फांदीवर जाते. त्यामुळे झाडाला झाड लागून असेल तोवरच तिचा रस्ता असतो. मध्ये झाडे तुटली की रस्ता तुटला.

उकरलेली माती पाहून 'रात्री डुकरे येऊन गेली' आणि वाटेतली केसाळ विष्ठा पाहून 'हा बिबट्या, पण दोन दिवसांपूर्वीचा' असे तो सहज सांगे. आमच्यातल्या एका फिटरने हळूच म्हटले, "यंत्राचा आवाज ऐकून बेअरिंग गेले हे आम्ही सांगतो, तसेच हे." तुलना अगदी बरोबर होती. आमच्या करारात कुशल आणि अकुशल अशा दोन श्रेणी असतात. या माणसाला कोणत्या श्रेणीत बसवायचे, हा प्रश्न तेव्हाच मनात यायला हवा होता.

बावीस माणसांची रांग जंगलात फार लांब होते. पुढचा वळणाआड गेला की मागच्याला दिसत नाही. वाटाड्या पुढे असे, आणि दर थोड्या वेळाने मागे वळून आकडा मोजी. दुपारी पदरवाडीला चहा झाला, तेव्हा बावीस भरले. डबे खाल्ले, थोडे लवंडलो, आणि निघायला उशीर केला, तोही आम्हीच. तो दोनदा म्हणाला, "दिस बारका हाये, उठा." मुक्कामाची वाडी देवळाच्या वाटेवरून बाजूला फुटून पुढे होती. ऊन कलले, रान गार झाले आणि सव्वापाचच्या सुमारास त्याने पुन्हा आकडा मोजला. एकवीस.

तात्या नव्हते.

सभागृहातल्या भगिनी-बंधूंनो, फाटकावर लाठी उगारलेली आम्ही पाहिली आहे. पण त्या क्षणी पोटात जो खड्डा पडला तसा कधी पडला नव्हता. डिसेंबरातला सूर्य सहाला मावळतो. जंगलात तर त्याआधीच काळोख होतो. चार जण एकदम हाका मारीत मागे धावायला निघाले. वाटाड्याने त्यांना अडवले. आवाज न चढवता म्हणाला, "एक मानूस हरवलाय. पाच हरवू नका. सगळी इथंच बसा. आग लावू नका. हाक मारली तर एकानंच वो द्यायची." त्याने एका वाहकाला, ज्याचा आवाज मोठा, हाक द्यायला नेमले आणि तो एकटा परत फिरला.

पाऊण तास गेला. काळोख पडला. तेवढ्यात उलट बाजूने, म्हणजे वाडीच्या दिशेने, विजेरीचा उजेड हलत आला. दुसरा एक तरुण होता. हाकेचा आवाज वाडीवर पोहोचला होता. त्याने आम्हांला काही विचारले नाही, फक्त 'कुठनं गेला?' एवढे विचारले आणि तोही खाली धावला. सव्वासातला दोघे तात्यांना खांद्यावर हात देऊन घेऊन आले. एका आंधळ्या वळणावर तात्यांनी सरपणाची वाट खरी वाट समजून धरली होती आणि दरडीवरून घसरले होते. घोटा मुरगळला होता. आणखी दहा पावलांवर कडा होता. ही शेवटची गोष्ट वाटाड्याने आम्हांला त्या रात्री सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी उजेडात ती जागा आम्हीच पाहिली.

वाडीवर पोहोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. चाळीसेक उंबरे. सारवलेल्या ओटीवर आम्हांला बसवले. आजींनी तात्यांच्या घोट्यावर कसला तरी पाला वाटून गरम करून बांधला. नाचणीची भाकरी, उडदाचे घुटे, लसणीची चटणी आणि भात. सर्वांची जेवणे होईपर्यंत घरातली माणसे जेवली नाहीत. थंडी अशी, की चुलीजवळची जागा सोडवेना. तिथे मग बोलणे निघाले.

बोलणे प्रथम हिरड्याचे निघाले. उन्हाळ्यात ही माणसे झाडांवर चढून कोवळा बाळहिरडा काढतात, वाळवतात आणि विकतात. औषधात तो लागतो, कातडी कमावायलाही हिरडा लागतो. वर्षाकाठी हाती येणारा रोख पैसा पुष्कळसा हाच. भाताची आणि नाचणीची शेती घरी खायला पुरली तर पुरली. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. त्याने घरांचे पत्रे उडवले हे आपण वर्तमानपत्रात वाचले. पण त्यात हिरड्याची जुनी झाडे मोडून पडली, हे आम्ही त्या चुलीपाशी ऐकले. पत्रा बाजारातून आणता येतो. हिरड्याचे झाड आजा लावतो आणि नातू पिकवतो. "तवापासनं ह्ये वाट दाखवायचं काम लई करतो," वाटाड्या म्हणाला.

मग आम्ही विचारले, "दोन दिवसांचे किती मिळतात?" विचारले ते सवयीने. कामगार भेटला की त्याचा पगार विचारायचा, हा आमच्या हाताला लागलेला चाळाच आहे. तो गप्प राहिला. आजींनी उत्तर दिले. त्या म्हणाल्या, "इतर येळेला दोघं जात्यात, येक म्होरं, येक मागं. दर मानसाला दिसाचं आठशे. ह्या बारीला शेठचा फोन आला, पार्टी लई घासाघीस करणारी हाये, येकच या, आनि दोन दिसाचं बाराशे घ्या. ताटाचंबी दोनशे व्हतं, दीडशे केलं."

चुलीतला जाळ तेवढा आवाज करीत होता. त्या 'घासाघीस करणाऱ्या पार्टी'चे पुढारी कोण, हे आजींना ठाऊक नव्हते. आमच्या एकवीस सोबत्यांना ठाऊक होते.

अंधारात विजेरी घेऊन धावत आलेला तरुण म्हणजेच तो दुसरा माणूस. रोज त्याचा गेला होता. काम मात्र त्याने केले. रांगेच्या शेवटी तो असता, तर तात्या चुकले नसते.

त्या रात्री आम्ही कागद काढला. एक माणूस कमी, दोन दिवसांचे सोळाशे. दुसऱ्याचे चारशे कमी. बावीस ताटांमागे पन्नास, म्हणजे अकराशे. एकूण तीन हजार शंभर. आम्ही जे चार हजार चारशे वाचवून टाळ्या घेतल्या, त्यांपैकी तीन हजार शंभर या चाळीस उंबऱ्यांच्या वाडीतून आले होते. शेठजींनी आपल्या पदरचे सोडले तेराशे. मालक तोटा नेहमी खाली ढकलतो, असे भाषणात आम्ही शेकडो वेळा सांगितले आहे. इथे तो ढकलण्यासाठी वरून जोर आम्ही लावला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

शिवाय पहाटे तीनपासून आठपर्यंतचा वेळ कुठल्याच हिशेबात नव्हता. तो उतरून आला ते आमच्यासाठी. पण रोज मात्र आम्ही चालू लागल्यावरच सुरू. हा वाद जुना आहे. अमेरिकेत माउंट क्लेमेन्स येथे मातीच्या भांड्यांचा कारखाना होता. फाटकापासून कामाच्या जागेपर्यंत चालत जाण्याच्या वेळेची मजुरी मिळावी, म्हणून तिथले कामगार कोर्टात गेले आणि 1946 साली सर्वोच्च न्यायालयाने तो वेळ कामाचाच धरला. मालकांनी ओरड केली आणि 1947 साली कायदा करून तो निकाल निष्फळ करण्यात आला. आम्ही हे उदाहरण अभ्यासवर्गात कितीदा दिले आहे! आणि चार तास पायी उतरून आमच्यासाठी दगडावर बसलेला माणूस समोर असता, आम्ही त्याला 'वा!' म्हणून मोकळे झालो.

आपण म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचे काय एवढे? तर डोंगरातल्या या श्रमाचा इतिहास थोडा पाहावा. 29 मे 1953 रोजी तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले. तेनसिंगने 1935 साली सुरुवात केली होती ती ओझेवाला म्हणून. त्याआधी 1922 च्या इंग्रज मोहिमेत हिमकडा कोसळून सात ओझेवाले गेले. 18 एप्रिल 2014 रोजी पुन्हा तसेच झाले आणि सोळा नेपाळी कामगार गेले. सरकारने प्रथम प्रत्येक घराला चाळीस हजार नेपाळी रुपये जाहीर केले. तेव्हा शेर्पांनी काय केले? वर चढायचे नाकारले. तो हंगाम त्या बाजूने जवळजवळ बंदच पडला आणि विम्याची रक्कम वाढवावी लागली. तिकडे पेरू देशात, इंकांच्या जुन्या वाटेवर ओझी वाहणाऱ्यांसाठी 2001 साली कायदा झाला आणि ओझ्याला वीस किलोंची मर्यादा आली. वाटाडे आणि ओझेवाले एकत्र आले तर मिळवू शकतात, हे यावरून दिसते.

मग आपल्याकडे असे काही होणार नाही काय? आपल्याकडे त्याचा नमुना फार आधीपासून आहे. 1969 साली महाराष्ट्राने माथाडी हमालांचा कायदा केला. हमालाला एक मालक नसतो. सकाळी या दुकानी, दुपारी त्या वखारीत. मग त्याचा भविष्यनिर्वाह निधी कोण भरणार, आजारपण कोण पाहणार? त्यावर कायद्याने तोड काढली. मंडळ नेमायचे, व्यापाऱ्याची आणि टोळीची त्यात नोंद करायची, व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठराविक टक्के आकार मंडळात भरायचा, मंडळाने मजुरी वाटायची आणि आकारातून निधी, रजा, औषधपाणी पाहायचे. वाटाड्याचे दुखणे नेमके हेच आहे. या शनिवारी एक पार्टी, पुढच्या शनिवारी दुसरी. प्रत्येक पार्टी म्हणते, आम्ही तुझे मालक नव्हे. सगळ्यांचे काम करायचे आणि मालक कोणीच नाही, अशा माणसासाठीच तर माथाडीचा विचार जन्माला आला.

रविवारी सकाळी आम्ही तीन हजार शंभर रुपये गोळा करून वाटाड्यापुढे ठेवले. आम्हांला वाटले, तो नको म्हणेल आणि आम्ही आग्रह करू. कथा-कादंबऱ्यांत तसे होते. त्याने तसे केले नाही. पैसे मोजले, सोळाशे दुसऱ्या तरुणाला दिले, अकराशे आजींच्या हाती दिले, चारशे स्वतः ठेवले. मग म्हणाला, "ह्ये आमचंच व्हतं, म्हनून घेतलं. पन साहेब, म्होरल्या शनवारी दुसरी पार्टी येनार. ती बी घासाघीस करनार. तवा तुमी नसनार."

या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. तात्यांना दोघांनी झोळीत घालून देवळाच्या एस.टी. थांब्यापर्यंत नेले. भीमाशंकराचे दर्शन तात्यांनी झोळीतूनच घेतले. देवळापुढची ती मोठी घंटा, चिमाजी अप्पांच्या 1739 च्या वसई मोहिमेतून आलेली, त्यांनी डोळे भरून पाहिली. इथे उगम पावणारी भीमा पुढे पंढरपुरात चंद्रभागा होते. तात्या वारकरी. ते एवढेच म्हणाले, "उगमापाशी मला दोघांनी उचलून आणले. पांडुरंगाला आणखी काय सांगायचे?"

पुढे काय झाले तेही सांगतो; खोटा विजय सांगणार नाही. जानेवारीपासून आम्ही तीनदा त्या वाडीवर गेलो, या वेळी एस.टी.ने. आसपासच्या वाड्यांचे वाटाडे जमले. त्यांनी स्वतः पाच अटी लिहवून घेतल्या. दहा माणसांमागे एक वाटाडा, आणि पार्टी कितीही लहान असली तरी दोघे. रोज घरून निघाल्यापासून धरायचा. ताटाचा दर बायांनी ठरवायचा. पैसे वाडीवर हातात मिळायचे. आणि अपघाताचा विमा पार्टीने उतरवायचा. शहरातल्या दोन मंडळांनी अटी मान्य केल्या. तिसऱ्याने मान्य केल्या नाहीत; घाटाखालच्या दुसऱ्या गावचा माणूस कमी पैशात नेला. वाडीवर त्यामुळे भांडणे झाली. दोघे म्हणाले, अटी सोडा, होते ते कामही जाईल. आजींनी त्यांना विचारले, "आनि मानूस दरीत ग्येला तर?" अटी अजून टिकल्या आहेत. पावसाळ्यानंतरच्या हंगामात टिकतील की नाही, ते आज सांगता येत नाही. पण त्याचे उत्तर वाडीवर नाही, ते या सभागृहात आहे. कारण डोंगरात जाणारी पार्टी म्हणजे आपणच.

तेव्हा आपल्यापैकी जे जाणार असतील, त्यांना आमची हात जोडून विनंती आहे. जरूर जा. मुलांना न्या. शेकरू दाखवा. मात्र पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: वाटाडे किती? त्यांच्या हाती किती पडणार? आणि ते घरून किती वाजता निघणार? उत्तर मिळाले नाही, तर ते रुपये स्वस्त पडले असे समजू नका. कोणीतरी ते भरलेले असतात.

आम्ही आता कोणाशीही बोलणी करायला बसलो, की टाळ्या वाजण्याआधी कागद काढतो आणि पाहतो, हे कुणाच्या ताटातून आले. तीस वर्षे संघटनेत काढून हा धडा आम्हांला रानातल्या चुलीपाशी मिळाला. उशिरा मिळाला, पण मिळाला.